माया

चतुर्थीचे एकोणीस ब्लाउज हुकांविना लटकत होते
तेव्हा लोविना दारात आली, काखेत गुंडाळलेलं कॉमिक.
म्हणाली, मावशी, हिच्यासारखा ड्रेस शिव.
पणजीत मेळा आहे, सगळे सोंगं घेऊन येणार.

मी चष्मा पुसला.
चित्रातल्या बाईचं नाव तडिता.
ती वीज मुठीत धरते, डोंगर बाजूला सारते,
आणि हे करताना तिची छाती आपल्याकडे
नि ढुंगणही आपल्याकडेच.
एकतीस वर्षं मापं घेतेय डिचोलीत,
असा मणका माझ्या टेपखालून गेला नाही.

सवयीने टेप चित्रावरच ठेवली.
कंबर तिच्याच मानेएवढी.
बरगड्या कुठे काढून ठेवल्यात कोण जाणे.
मुंढा इतका आवळलेला
की हात वर केला तर शिवण बोंबलेल,
आणि उडायचं तर हात वर करूनच.
टाचा चार इंच.
खाणीच्या उतारावर दोन पावलं
चालून दाखव म्हणावं.

शेजारी तिचा जोडीदार.
तो मानेपासून पायापर्यंत झाकलेला,
जाड कापड, गुडघ्यांना अस्तर, पट्ट्याला सहा खिसे.
तिला एक नाही.
घराची किल्ली कुठे ठेवते ही?
बाहेर असताना पाळी आली तर?
लोविना हसली. मग हसायची थांबली.

दुपारी ताटापाशी बसून ते पुरतं बघितलं.
इंग्रजी मला येत नाही, पण चित्रं कळतात.
नवव्या पानावर तिला बांधतात.
चौदाव्यावर पुन्हा, वेगळ्या दोरीने.
सत्ताविसाव्यावर मारतात,
कारण अठ्ठाविसाव्यावर त्याला राग यायचा असतो.
त्याच्या रागाला अख्खं पान.
तिच्या मरणाला कोपऱ्यातली चौकट,
तिथेही केस जागच्या जागी, ओठ लाल.

माझ्याकडे सुरंग येते.
बांबोळीला डावी बाजू काढली तिची.
तिचा ब्लाउज मी आतून कापूस भरून शिवते,
आणि माप घेताना आकडा मोठ्याने म्हणत नाही.
क्लेमेंतिना येते, बुधवारच्या बाजारात मासळी विकणारी,
उजवा खांदा पाऊण इंच खाली,
पाटीने खेचलेला.
दोन्ही खांदे सारखे धरून शिवलं
तर तिच्या अंगात बसत नाही.

आम्ही शिवणीत माया सोडतो.
अर्धा इंच, आतल्या अंगाला, कुणाला दिसत नाही.
बाई भरली की उसवून सैल करता येतं,
बाळंतपणानंतर, गोळ्या सुरू झाल्यावर,
नवरा गेल्यावर नुसतं बसून खाल्लं तरी.
ज्याने तडिता काढली
त्याने तिच्यात कुठेच माया सोडली नव्हती.
दोरा होता, कापड ताणून धरलेलं होतं, बस.

मग मी काखेत कळी घातली.
कंबर लोविनाची घेतली, चित्रातली नाही.
पोट उघडं ठेवायचं का, ते तिलाच विचारलं.
म्हणाली, ठेव गे, मला आवडतं माझं पोट.
ठेवलं.
उजवीकडे खिसा दिला,
मनगट बुडेल इतका खोल.

सोमवारी ती पुन्हा आली.
तिथे एकजण तिला म्हणाला होता,
तू तिच्यासारखी दिसत नाहीस.
मग तू काय म्हणालीस?
काही नाही. हात वर केले.
शिवण टिकली, मावशी.
खिशातून तिने कदंबाचं तिकीट काढलं,
आल्या-गुळाच्या खाज्याचा एक तुकडा, मला,
खिसा आतून चिकट.

शिलाई साडेचारशे.
खिशाचे वेगळे लावले नाहीत.

कॉमिक ती विसरून गेली.
मशीनच्या खणात आहे, बॉबिनांखाली.
सत्ताविसाव्या पानावर,
त्या कोपऱ्यातल्या चौकटीत,
तिच्या काखेपाशी मी खडूने रेघ मारलीय.
इथून उसवायचं.